वॉटरकलर लँडस्केपचा दरवेळी चिखल होतोय? नवे रंग घ्यायच्या आधी हे तपासा

आधी लक्षणं सांगतो. यातली दोन-तीन जुळली तर पुढे वाचा, नाहीतर तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे.

- आकाश निळंभोर लावलं होतं, वाळल्यावर सिमेंटच्या पत्र्यासारखं करडं दिसतंय.
- पिवळा कधी स्वच्छ लागतच नाही, लावला की मेंदीकडे झुकतो.
- डोंगर, झाडं, शेत, तिन्ही हळूहळू एकाच रंगाचे होतात आणि तो रंग म्हणजे पहिल्या पावसातला नाला.
- वॉशच्या, म्हणजे पाणीदार रंगाच्या पसरट हाताच्या, मधोमध फुलकोबीसारखा डाग उमटतो, त्याच्या कडेला करवतीसारखी रेघ.
- ओलं असताना झकास, वाळलं की जीव गेलेलं. म्हणून अजून एक हात मारता, ते अजून मरतं.
- घासून घासून कागदाला रुवा आलाय.
- नदीकाठी बसलो तेव्हा लय मजा आली होती, घरी आल्यावर चित्र गादीखाली गेलं.

आमच्या रविवारच्या टोळक्यात या सगळ्याला एकच नाव आहे, चिखल. "काय भो, आज काय काढलं?" "चिखल." एवढंच बोलणं होतं, पुढे कोणी विचारत नाही.

माझं काम मोटर वायंडिंगचं, सावदा-फैजपूरकडचा केळीचा पट्टा, उन्हाळ्यात बोरमध्ये सोडलेली एकेक सबमर्सिबल मोटर लाइट असेल तेवढा वेळ पळत असते आणि गिऱ्हाईक येतं ते "मोटर जळाली, वर काढा" असंच म्हणत येतं. आता मोटर वर काढायची म्हणजे चैनपुली आणा, चार माणसं लावा, अर्धा दिवस गेला. म्हणून मी आधी स्टार्टर उघडतो, मग तिन्ही फेज येतायत का बघतो, मग केबलचा जॉइंट. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो आणि मोटर बिचारी खाली ठणठणीत असते. चित्राचं पण सेम आहे. चिखल झाला की माणूस पहिलं काय करतो, तर ऑनलाइन जाऊन महागडे इम्पोर्टेड रंग मागवतो, म्हणजे डायरेक्ट मोटर वर काढली. मग त्या महाग रंगाचा पण चिखल होतो, फक्त तो महाग चिखल असतो.

शाळेत इंटरमिजिएटला बी ग्रेड होती, त्यानंतर वीसेक वर्षं ब्रश हातात धरला नाही. परत सुरू केलं तेव्हा पहिली तीन-चार वर्षं माझा स्वतःचा चिखल होत होता आणि त्यानंतर दुसऱ्यांचे एवढे चिखल बघितले की आता कागद लांबून बघून सांगता येतं कुठं बिघडलं असेल. खालचा क्रम फुकटापासून खर्चाकडे आहे. क्रम मोडू नका, मध्येच उडी मारली की खरं कारण कधीच कळत नाही.

पाणी

सगळ्यात आधी पाणी बघा. लोक कटिंग चहाच्या ग्लासाएवढ्या डबीत पाणी घेऊन बसतात आणि तीन तास तेच. दुसऱ्या-तिसऱ्या रंगानंतर त्या पाण्यात निळा, तपकिरी, हिरवा सगळं विरघळलेलं असतं, आणि ब्रश धुतला असं तुम्हाला वाटतं पण खरं तर तुम्ही तो त्या काढ्यात बुडवून परत पिवळ्यात घालताय. पिवळा मळतो तो इथेच मळतो, कारण पिवळ्यात थोडासा निळा-तपकिरी पण लगेच दिसतो, गडद रंगात तो लपून जातो.

उपाय काही नाही, दोन डबे. एकात फक्त धुवायचं, दुसऱ्यातलं फक्त रंगात घालायचं. श्रीखंडाचे एक किलोवाले रिकामे डबे बेस्ट. धुवायचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागलं की ओतून द्या. टेस्ट पण सोपी आहे, धुतलेला ब्रश कोऱ्या कागदावर एकदा ओढा आणि वाळू द्या, रेघ दिसली तर ब्रश धुतलेला नाही.

आपल्याकडे बोरचं पाणी जड असतं, नळाच्या तोटीला पांढरा थर बसतो तो क्षाराचा. तसल्या पाण्यात काही रंग फाटल्यासारखे दाणेदार होतात आणि पॅलेट वाळलं की त्यावर पांढुरकी साय दिसते. प्रत्येक वेळी दोष पाण्याचाच असतो असं मी म्हणत नाही, पण जारचं एक बाटली पाणी घेऊन एक आकाश लावून बघायला काय जातं. फरक पडला तर कळलं, नाही पडला तरी एक संशयित कमी झाला.

हात थांबतो का

हे पण फुकट आहे आणि माझ्या अनुभवात निम्म्याच्या वर चिखल इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वॉटरकलर म्हणजे मुळात काय, तर रंगाची पूड आणि डिंक, बाभळीच्याच जातकुळीतल्या झाडाचा डिंक. डिंक वाळला तरी पाणी लागलं की परत विरघळतो. म्हणजे खालचा थर कधीच पूर्ण पक्का होत नाही, तुम्ही वरून ओला ब्रश घासला की खालचा उठतो आणि वरच्यात मिसळतो. निळ्या डोंगरावर हिरवं झाड घासून लावलं की तिथे निळा, हिरवा आणि तुमची घाई असा तीन गोष्टींचा लगदा होतो.

मग हात कधी लावायचा? कागद तिरपा धरून चमक बघा. पाणी आरशासारखं चमकतंय तोपर्यंत त्यात रंग सोडला तर तो मऊ पसरतो, चालतं. चमक जाऊन कागद मंद दिसायला लागला, ओला पण नाही कोरडा पण नाही, ही सगळ्यात खतरनाक वेळ, हात मांडीखाली घाला. या वेळेत जास्त पाण्याचा ब्रश लागला की ते पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला बाहेर ढकलतं आणि फुलकोबी तयार होते. पूर्ण वाळल्यावर परत काम करता येतं. वाळलंय का हे बोटाच्या पेराने दाबून बघू नका, बोटाचं तेल लागतं. हाताची मागची बाजू अलगद टेकवा, गार लागलं तर आत पाणी आहे, कारण ते अजून उडतंय. माठ गार राहतो तोच प्रकार.

आता पुस्तकात किंवा व्हिडिओत "पाच मिनिटं थांबा" असं सांगतात ते खान्देशात चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि हवा कोरडी ठाक, आकाशाचा वॉश डावीकडून सुरू करून उजवीकडे पोहोचेपर्यंत डावीकडची चमक गेलेली असते. मग माणूस घाबरून परत डावीकडे येतो आणि पट्टे पडतात. उन्हाळ्यात कागद छोटा घ्या, वहीच्या अर्ध्या पानाएवढा, रंग आधीच भरपूर कालवून ठेवा आणि कागद दोन्हीकडून पाण्याने ओला करून घ्या. आणि ऑगस्टमध्ये सगळं उलटं. पाल गावाकडे सातपुड्यात पावसाळ्यात बसलो होतो, पंधरा-वीस मिनिटं झाली तरी वॉश वाळेना, सोबतच्याने कंटाळून झाडं लावली आणि ती झाडं आकाशात विरघळून गेली. धुळ्याकडचा आहे तो, कागद धरून म्हणे, "भाऊ, बठ्ठं बिघडी गयं." मी म्हटलं बिघडलं नाही, ढग उतरलेत असं सांग. पण ते त्या दिवसापुरतं. पावसाळ्यात दोन चित्रं एकदम सुरू करा, एक वाळतंय तोवर दुसऱ्यावर हात चालवा, म्हणजे हाताला काम पण मिळतं आणि पहिलं वाचतं.

बसता कुठे

कागदावर थेट ऊन पडत असेल तर थांबा, जागा बदला. पांढरा कागद उन्हात एवढा झगमगतो की प्रत्येक रंग फिका वाटतो, म्हणून तुम्ही गडद लावत जाता, आणि घरी ट्यूबलाइटखाली तेच चित्र काळवंडलेलं दिसतं. मळकटपणाचं हे कारण लोकांच्या लक्षातच येत नाही कारण जागेवर चित्र चांगलंच दिसत असतं. निंबाच्या सावलीत बसा. केळीच्या बागेत आत बसू नका, गारवा छान असतो पण पानातून येणारा उजेड हिरवा असतो आणि तुमचा सगळा कागद हिरवा दिसतो. लाल-पिवळी छत्री पण नको, काळी चालेल. आणि गॉगल काढा. हे सांगावं लागतं, खरंच.

वेळेचं पण तसंच. यावल-रावेरच्या सपाटीवरून सातपुडा आपल्या उत्तरेला. हिवाळ्यात दुपारी सूर्य आपल्या पाठीमागे दक्षिणेला असतो, उजेड डोंगरावर सरळ समोरून पडतो आणि सगळ्या घड्या गायब, नुसती एक निळी-करडी पट्टी दिसते. मे महिन्यात दुपारी तर सूर्य पार डोक्यावर, त्यात धुरळा, डोंगर आहे की नाही असा प्रश्न. अशा वेळी काढायला गेलात की दिसत काहीच नसतं म्हणून माणूस अंदाजाने रंग टाकत राहतो, थरावर थर. सकाळी सात ते नऊ किंवा दिवस मावळायच्या दीड-दोन तास आधी जा, उजेड बाजूने येतो, प्रत्येक सोंडेला एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू मिळते. दोन टोनमध्ये डोंगर उभा राहतो, तिसऱ्यांदा हात लावायची गरजच पडत नाही.

तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, त्यामुळे संध्याकाळी काठावर प्रवाहाच्या दिशेने तोंड करून बसलं की सूर्य पाण्यात उतरताना दिसतो. नवख्याने इथूनच सुरू करावं असं माझं मत आहे. समोरचं सगळं काळं-करडं दिसतं, पाण्यावर फक्त चकाकी, ती चकाकी म्हणजे कोरा सोडलेला कागद. जितका कागद कोरा सोडाल तितका चिखलाचा चान्स कमी, सोपा हिशोब आहे.

बघितलं का

ही तपासणी पण फुकट आहे पण वेळ खाते म्हणून लोक टाळतात.

मागच्या होळीच्या आसपास मनुदेवीच्या रस्त्याला पळस फुलला होता म्हणून गेलो. एक नवा पोरगा सोबत होता, बारावीतला. त्याने काय केलं, आधी छान हिरवं झाड काढलं आणि त्यावर केशरी फुलं लावायला घेतली. केशरी हिरव्यावर पडलं की काय होणार, तपकिरी. परत केशरी, परत तपकिरी. अर्ध्या तासात झाड शेणाने सारवल्यासारखं झालं आणि पोरगं रडकुंडीला. "रंगच भिकार आहेत काका." मी त्याला म्हटलं ब्रश ठेव, त्या झाडाला पानं किती आहेत मोज. तो बघत बसला. पळस फुलतो तेव्हा झाडावर पानं जवळजवळ नसतातच, काळपट वाकड्या फांद्या आणि त्यावर नुसती आग. त्याच्या डोक्यातलं झाड हिरवं होतं म्हणून त्याने हिरवं काढलं. समोरच्या झाडाने तर त्याचं काम आधीच सोपं करून ठेवलं होतं, हिरवा लावायचाच नव्हता.

माझं तर असं ठाम मत झालंय की चिखल कागदावर दिसतो पण तो होतो न बघितल्यामुळे. काय लावायचं हे ठरलेलं नसलं की माणूस एकाच जागी तीनदा ठरवतो, आणि वॉटरकलरमध्ये तीनदा ठरवणं म्हणजेच तीन थर. म्हणून आमच्या टोळक्यात नियम आहे, पोचल्यावर पंधरा मिनिटं पिशवी उघडायची नाही. चहा प्या, फिरा, बसा. सुरुवातीला जीव कासावीस होतो, मोबाइलकडे हात जातो. मग हळूहळू दिसायला लागतं, की केळीचं कोवळं पान ऊन त्याच्या मागे असताना बघितलं तर पिवळसर हिरवं पेटलेलं असतं आणि तेच जुनं पान वरून बघितलं तर आकाशाचा निळसर प्रकाश परत फेकतं. की पहिल्या पावसानंतर हवा धुतली जाते आणि काल अर्धा झाकलेला सातपुडा आज एकदम अंगणात आल्यासारखा वाटतो. की काळी जमीन काळी नसते, नांगरलेल्या ढेकळाच्या एका बाजूला जांभळट झाक असते. हतनूर धरणावर थंडीत पाहुणे पक्षी उतरतात तेव्हा एकदा मी दोन तास नुसताच बसलो, चित्र काढलंच नाही, आणि मला त्या दिवशी घरी आल्यावर जेवढं बरं वाटलं तेवढं चांगल्या चित्रानंतर पण वाटत नाही. बायको म्हणाली कागद कोराच आणला, मग गेलात कशाला. तिला उत्तर दिलं नाही, देता पण आलं नसतं.

पॅलेट आणि किती रंग कालवता

पॅलेटवर कालचा रंग वाळलेला असतो त्यातच आजचा कालवला जातो, ते ओल्या फडक्याने पुसा. एवढं झालं की मोजा, एका मिश्रणात किती रंग आहेत? दोन ठीक, तीन म्हणजे हद्द. आणि ट्यूबवर बारीक अक्षरात पिगमेंटचा, म्हणजे आतल्या रंगाच्या पुडीचा, कोड असतो तो वाचायची सवय लावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन निळा, पीबीआर ७ म्हणजे बर्नट सिएना-अंबरच्या घरातला मातकट रंग. काही ट्यूबवर एकाच रंगाला तीन-तीन कोड असतात, म्हणजे तुम्ही दोन रंग कालवले तरी आत सहा पिगमेंट गेली, मग करडं होणारच. एक कोडवाले रंग निवडा.

लाल, पिवळा, निळा तिन्ही एकत्र आले की करडा-तपकिरी होतो हे शाळेत शिकलोय, पण हिरवा म्हणजे निळा अधिक पिवळा, त्यात लाल पडला की तिन्ही आलेच हे ऐन वेळी आठवत नाही. मुद्दाम करडा हवा असेल तेव्हा हेच कामाला येतं. अल्ट्रामरीन आणि बर्नट सिएना, निळा जास्त ठेवला तर लांबचा सातपुडा, तपकिरी जास्त ठेवला तर उन्हाळ्यातला पान झडलेला सागवान. दोन ट्यूबमध्ये अर्धा खान्देश निघतो.

डबीतला तयार हिरवा तसाच लावू नका, प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसतो, चिमूटभर सिएना घाला. काळा आणि पांढरा पेटीतून काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. पांढरा मिसळला की रंग खडूसारखा धुरकट होतो, उजळ करायचं तर पाणी वाढवा म्हणजे खालचा कागद चमकतो.

मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट

हे पटकन सांगतो. चित्राचा फोटो काढा, ब्लॅक अँड व्हाइट करा. सगळं एकसारखं करडं दिसलं तर रंग मळलेले नाहीत, उजेड-अंधाराचा फरकच नाहीये. असं चित्र रंग स्वच्छ असूनही मळकटच वाटतं. एक जागा कोऱ्या कागदाएवढी पांढरी आणि एक जागा खरी गडद, एवढं असलं तरी भागतं. आणि लक्षात ठेवा वॉटरकलर वाळल्यावर फिका पडतो, म्हणून सुरुवातीलाच वाटतं त्यापेक्षा थोडा गडद लावा आणि सोडून द्या. फिका लावून वर थर चढवत बसण्यापेक्षा ते परवडतं.

ब्रश

इथून खिशाला हात लागतो, पण थोडाच. दोन नंबरच्या ब्रशने आकाश भरत असाल तर तीनशे फटकारे लागतील आणि प्रत्येक फटकारा आधीच्याला उकरेल. दहा किंवा बारा नंबरचा एक गोल ब्रश घ्या, सिंथेटिक चालतो, टोक नीट जुळलं पाहिजे आणि पोटात पाणी धरलं पाहिजे. दुकानात पाण्यात बुडवून झटकून बघू देत असतील तर बघा. बस, एक ब्रश. बारीक ब्रश शेवटच्या दहा मिनिटांसाठी, नाहीतर माणूस पानं मोजायला लागतो.

कागद

रंगाच्या आधी कागद बदला. उलटं करू नका, हात जोडून सांगतो.

साध्या ड्रॉइंग बुकचा कागद पाणी लागलं की लाटेसारखा उठतो, खळग्यात पाणी साचतं, रंग तिथे जमा होतो आणि वाळताना डबकं दिसतं. वॉटरकलरचा कागद ३०० जीएसएम, म्हणजे जाडजूड, घ्या, जमला तर शंभर टक्के कॉटनचा, आणि सुरुवातीला कोल्ड प्रेस, म्हणजे हलका खरबरीत. महाग आहे, मान्य. पण २२ बाय ३० इंचाचा पूर्ण शीट घेतला की त्याचे साडेसात बाय अकराचे बरोबर आठ तुकडे होतात, आणि मागची बाजू पण वापरता येते. त्या हिशोबाने एवढा महाग नाही पडत. कडा चिकटपट्टीने पाटीवर चारही बाजूंनी दाबा.

कागदाला कारखान्यातच जिलेटिन किंवा तसल्या पदार्थाचा हात दिलेला असतो, त्याला साइझिंग म्हणतात, त्यामुळे रंग वर तरंगतो आणि उजळ दिसतो. हे साइझिंग दमट हवेत पडून राहिलेल्या कागदाचं खराब होतं. मग तोच कागद टीपकागद होतो, रंग आत शोषला जातो आणि कितीही चांगला रंग लावा, मेलेलाच दिसणार. टेस्ट अशी, कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. थोडा वेळ फुगून बसला तर कागद जिवंत, ठेवल्याबरोबर आत जाऊन गडद डाग पडला तर त्या कागदावर पेन्सिलचं स्केच करा, रंग वाया घालवू नका. पावसाळ्याआधी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात, आणि कूलरसमोर तर कधीच ठेवायचा नाही. आमच्याकडे मार्च ते जून घरोघरी कूलर चालू, सगळ्यात जास्त कागद त्यानेच मेलेत.

रंग

एवढं सगळं करून पण चिखल होत असेल तर आता मोटर वर काढा. स्वस्त रंगात पिगमेंट कमी आणि भरण जास्त असतं, एका थरात कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या थरात खडूसारखं दिसतं. पूर्ण सेट घेऊ नका, चार-पाच ट्यूब सुट्या घ्या: एक थंड, म्हणजे लिंबाकडे झुकणारा, पिवळा, यलो ऑकर, बर्नट सिएना, अल्ट्रामरीन आणि एक लाल. ट्यूबवर पारदर्शक की अपारदर्शक ते पण छापलेलं असतं, थर द्यायचे तर पारदर्शक बघा. अल्ट्रामरीन एक गंमत आहे. अजिंठ्याच्या चित्रात जो निळा दिसतो तो लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानकडून आलेला, आणि अस्सल अल्ट्रामरीन युरोपात पण त्याच दगडापासून करायचे. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये तो कारखान्यात बनवता यायला लागला. म्हणून आज तो सगळ्यात स्वस्त ट्यूबमध्ये मोडतो आणि साध्या कंपनीचा पण चांगला निघतो. महाग घ्यायचाच तर पिवळा आणि लाल घ्या, फरक तिथे दिसतो.

कधी थांबायचं आणि कोणाकडे जायचं

कागदाला रुवा आला, गोळ्या सुटायला लागल्या की ते चित्र संपलं. त्यावर कुठलाच उपाय नाही, मागची बाजू वापरा.

घरात आजोबा-काकांचं जुनं वॉटरकलर असेल आणि त्यावर बुरशीचे ठिपके किंवा पाण्याचा डाग आला असेल तर ओलं फडकं, ब्रेड, खोडरबर काही लावू नका, उन्हात पण टाकू नका. वर सांगितलं ना, डिंक पाण्याने परत विरघळतो, एका पुसण्यात चित्र जाईल. ते काम कागद-संवर्धन करणाऱ्यांचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

उन्हात बसलेले असताना डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं तर चित्र तिथेच सोडून सावलीत या आणि पाणी प्या. घाम यायचा बंद झाला, अंग तापलं किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं तर दवाखाना गाठा, लगेच. आपल्याकडचा उष्माघात थट्टेवारी न्यायचा नाही.

डोळ्यांचं पण बघा. आमच्यात एक निवृत्त शाळेच्या बाई आहेत, त्यांची चित्रं दोन वर्षांत हळूहळू तपकिरी होत गेली, आम्ही पाणी-कागद-रंग सगळं तपासून बसलो. मोतीबिंदू निघाला. त्यात नजरेवर पिवळट-तपकिरी पडदा येतो आणि निळा मेल्यासारखा दिसतो. मोने म्हणून जो मोठा फ्रेंच चित्रकार होता त्याला पण हेच झालं होतं, १९२३ मध्ये ऑपरेशन झालं त्याचं. बाईंनी ऑपरेशननंतर स्वतःच्या जुन्या चित्रांचा गठ्ठा उघडला आणि म्हणाल्या, "हे मी काढलंय? आणि तुम्ही सगळे छान छान म्हणत होतात?" आता आम्ही काय बोलणार. तर पांढरा कागद पिवळट वाटत असेल, रात्री समोरच्या गाडीचे लाइट फुटल्यासारखे दिसत असतील तर ब्रश ठेवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

आणि वरचं सगळं क्रमाने तपासून, दहा कागद प्रामाणिकपणे करून पण चिखल होत असेल तर एखाद्या शिकवणाऱ्याकडे जा. गावातले शाळेचे ड्रॉइंग सर पण चालतील, फार लांब जायची गरज नाही. फक्त जाताना तयार चित्रं घेऊन जाऊ नका, त्यांच्यासमोर बसून काढा. मी दोन वर्षं स्वतःचा दोष शोधत होतो, सरांनी पाच मिनिटं माझा हात बघितला आणि म्हणाले, ब्रश धुतल्यावर पुसत का नाही रे तू? खरंच पुसत नव्हतो. केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या टोपीजवळ पाण्याचा एक थेंब लपलेला राहायचा आणि तो वॉशच्या बरोबर मध्यात उतरायचा. माझ्या सगळ्या फुलकोब्या त्या एका थेंबाच्या. तेव्हापासून डाव्या हातात फडकं असतं, आता तर दुकानात वायंडिंग करताना पण असतं, गिऱ्हाईक विचारतं की हे कशाला.